कोणते पान पिवळे? : मोहरीचे शेत आणि नत्राचा हिशेब



जन्मभर मराठी साहित्य शिकवलेल्या माणसाने गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी खतासारखा विषय निवडावा, याचे आपणांपैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. निमंत्रण देण्यास आलेल्या चिटणिसांनीही ‘संतवाङ्मयावर बोललात तर बरे होईल’ असे सौजन्याने सुचवले होते. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते गुरुजी विज्ञानाचे शिक्षक होते, आणि त्यांनी शिकवलेला एक धडा मी पन्नास वर्षांनी विसरलो. त्या विसरण्याची किंमत मी पुरती मोजली नाही; ती दुसऱ्याच एका माणसाने मोजली. त्या धड्याची उजळणी हेच माझे आजचे व्याख्यान आहे. मी कृषिशास्त्रज्ञ नाही, याची जाणीव ठेवूनच चार गोष्टी सांगतो.

१९६२ साल असावे. मी सातवीत होतो. गुरुजी आमच्या वर्गाला शाळेतून फूलबागेत घेऊन गेले. मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज यांना एकाच आवारात नांदवणारी ही बाग आम्हां मुलांना खेळण्यापुरतीच ठाऊक होती. गुरुजींनी एका वाफ्यापाशी आम्हांला उभे केले आणि विचारले, ‘हे रोप आजारी आहे. कशावरून?’ आम्ही एका सुरात म्हणालो, ‘पिवळे पडले आहे.’ ‘कोणते पान पिवळे पडले आहे? आजोबा की नातू?’ आम्ही गप्प. मग त्यांनी समजावले. झाडाच्या तळाचे जुने पान म्हणजे आजोबा आणि शेंड्याचे कोवळे पान म्हणजे नातू. नत्र कमी पडले की आजोबा आपल्या ताटातले काढून नातवाला देतात. म्हणून खालचे पान आधी पिवळे होते. गंधकाच्या बाबतीत आजोबांना तशी सोय नाही. त्यांच्याजवळचे गंधक सहजासहजी हलत नाही. म्हणून नातू आधी फिकट पडतो. दोन्ही रोगांचा रंग एक, पण दुखणे निराळे.

या एका प्रश्नात आजचा सारा विषय सामावलेला आहे.

हवेतले धन

आपल्या भोवतीच्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्र आहे. तरीही वनस्पती नत्रावाचून उपाशी राहते, कारण हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की वनस्पतीला ते सोडवता येत नाहीत. वीज कडाडते तेव्हा काही प्रमाणात ते सुटतात; शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू ते सोडवतात. माणसाला ही विद्या विसाव्या शतकात साधली. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाब आणि उष्णता वापरून नत्र व हायड्रोजन यांपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती कृती कारखान्यात आणली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले.

आपल्या देशात सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. आपल्या जवळचे उदाहरण गुना जिल्ह्यातील विजयपूरचे आहे. हाजिरा, विजयपूर आणि जगदीशपूर यांना जोडणारी वायुवाहिनी आली आणि १९८८ मध्ये तेथे युरियाचा कारखाना चालू झाला. मुंबईच्या समुद्राखालून निघालेला वायू गुजरातच्या किनाऱ्यावरून आपल्या शिंदेशाही मुलुखात यावा आणि त्याचे पांढरे दाणे होऊन मोहरीच्या शेतात पडावेत, ही गोष्ट मला एखाद्या आख्यानासारखी वाटते. मात्र आज देशातील युरिया कारखाने ज्या वायूवर चालतात त्याचा मोठा भाग परदेशातून येतो, हे विसरता येत नाही. शेतकऱ्याच्या हातातील मूठभर युरिया हा एका अर्थी परदेशी इंधनाचाच घनरूप अवतार आहे. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा खताचा कच्चा माल आणि सूर्यफुलाचे तेल अशी दोन्ही एकाच वेळी महागली, ती उगीच नव्हे.

तेल आणि पेंड

आता मोहरीकडे येऊ. ग्वाल्हेर, मुरैना आणि भिंड हा मोहरीचा प्रदेश आहे. १९६० मध्ये गांधीसागर धरण पुरे झाले, कोट्याच्या बंधाऱ्यातून चंबळचा उजवा कालवा श्योपूर, मुरैना आणि भिंडकडे आला आणि बाजरीनंतर मोहरी हा क्रम येथे रुळला. १९८६ मध्ये तेलबियांचे राष्ट्रीय तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. त्यानंतर मोहरीचे पिवळे शेत हे आपल्या आगगाडीच्या प्रवासाचे नित्याचे दृश्य झाले.

आपल्या मराठी घरांत मात्र मोहरीचे स्थान फोडणीच्या डब्यातल्या एका वाटीपुरतेच राहिले. पिढ्यान्‌पिढ्या लष्करात राहूनही माझ्या आजीने सरसोंचे तेल स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. पण लोणच्यासाठी ती मोहरी फेसू लागली की आम्हां मुलांच्या नाकाला झिणझिण्या येत. तो झणझणीतपणा ज्या द्रव्याचा, त्याच्या घडणीत नत्रही आहे आणि गंधकही आहे. गंधक नसेल तर मोहरी फेसूनही नाकात जाणार नाही. गहू-बाजरीपेक्षा मोहरीला गंधकाची भूक अधिक असते, याचा हा घरगुती पुरावा होय.

संस्कृतात तिळापासून ‘तैल’ शब्द झाला, आणि तेलाला दुसरा शब्द ‘स्नेह’. शुद्ध तेलात कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू एवढेच असते, नत्र नसते. म्हणजे तेल हे हवेचे, पाण्याचे आणि उन्हाचे देणे आहे. दाण्यातील नत्र प्रथिनांत असते आणि दाणा घाण्यात गेला की ते सारे पेंडीत उतरते. मोहरीच्या दाण्यात प्रथिने सुमारे वीस टक्के किंवा थोडी अधिक असतात, आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सोळा टक्के भाग नत्राचा असतो. त्यामुळे एक क्विंटल मोहरीबरोबर तीन-साडेतीन किलो नत्र शेताबाहेर जाते. हेक्टरी वीस क्विंटल पीक आले, तर साठ-सत्तर किलो नत्र गाडीत बसून बाजाराला गेले असे समजावे. पेंड गावच्या गुरांपुढे आली आणि त्यांचे शेण शेतात परतले, तर यांतले पुष्कळसे परत येते. पेंड दूरदेशी गेली तर मातीचे धन गेले.

नत्राचा आणि तेलाचा आणखी एक विचित्र संबंध आहे. नत्र वाढवले की एका मर्यादेपर्यंत दाण्यांचे उत्पन्न वाढते. पण दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण चढते आणि तेलाचे शेकडा प्रमाण उतरते. हेक्टरी एकूण तेल काही काळ वाढत जाते, कारण दाणेच अधिक येतात. पुढे एक टप्पा असा येतो की दाणे वाढेनासे होतात आणि तेलाची टक्केवारी मात्र घटतच राहते. तेथून पुढचा प्रत्येक किलो युरिया हा तोट्याचा सौदा असतो.

खाल्लेले किती, सांडलेले किती?

खताची कार्यक्षमता दोन प्रकारांनी मोजतात. पहिला प्रकार असा : एक किलो नत्रामागे किती किलो दाणे अधिक मिळाले? समजा, खताशिवाय हेक्टरी आठ क्विंटल मोहरी झाली. चाळीस किलो नत्र देऊन तेरा क्विंटल झाली. ऐंशी किलो देऊन सोळा. आणि एकशेवीस किलो देऊन साडेसोळा. पहिल्या चाळीस किलोंनी पाच क्विंटल वाढवले, दुसऱ्या चाळिसांनी तीन आणि तिसऱ्यांनी अवघा अर्धा. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु घासागणिक भूक मंदावावी तशी ही उतरण प्रत्येक शेतात असते.

दुसरा प्रकार : दिलेल्या नत्रापैकी पिकाच्या पोटात किती गेले? आपल्या देशात हे प्रमाण बहुधा तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असते. उरलेले कोठे जाते? युरिया ओल्या मातीवर उघडा पडला की त्याचा अमोनिया होतो आणि अल्कधर्मी जमिनीतून तो हवेत उडतो. चंबळच्या काठची माती बव्हंशी अशीच आहे. जो भाग जमिनीत राहतो त्याचे जिवाणू नायट्रेट करतात. ते पाण्याबरोबर खोल झिरपते आणि विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पाणी तुंबून मातीत हवा उरली नाही, तर दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचे वायू करतात. त्यांतील नायट्रस ऑक्साइड हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे पावणेतीनशे पट अधिक तापमानवाढ घडवतो.

मोहरीचा स्वतःचाही एक दोष आहे. ती फुलोऱ्यापर्यंत नत्र अधाशासारखे घेते. पण पुढे पाने गाळते तेव्हा त्यांतले सगळे नत्र दाण्यांकडे वळवत नाही. गळालेले पान मातीत कुजले तर हरकत नाही. काड्या चुलीत किंवा वीटभट्टीत गेल्या की त्यांतले नत्र धुरावाटे गेले.

माझी चूक

आता जे सांगायचे म्हणून मी येथे उभा आहे, ते सांगतो. मुरैना जिल्ह्यात जौऱ्याच्या बाजूला आमची वडिलोपार्जित पंचवीस बिघे जमीन आहे. आमच्याकडे साधारण पाच बिघ्यांचा एक हेक्टर धरतात. ही जमीन अनेक वर्षे एक सद्गृहस्थ बटाईने, म्हणजे अर्धेलीने, करीत असत. ते वयाने माझ्याहून लहान. तरी त्यांचा उल्लेख मी आदरार्थीच करणार आहे.

निवृत्तीनंतर शेतीकडे लक्ष देण्याची मला हौस आली. २०१३ च्या रब्बीत मोहरी पेरली. डिसेंबरात मी शेतावर गेलो तो पीक फिकट दिसले. मी निदान केले : नत्र कमी. एका दुकानदारानेही तेच सांगितले. त्याला युरियाच विकायचा होता. नेमका हप्ता आधीच देऊन झाला होता. बटाईदार म्हणाले, ‘साहब, खेत भूखा नहीं है, कुछ और बात है।’ मी त्यांना वर्तमानपत्रातले एक कात्रण दाखवले. अर्धा खर्च त्यांचा होता, पण जमीन माझी होती आणि नावापुढे डॉक्टर ही पदवीही माझीच होती. ते पुढे बोलले नाहीत. नेहमीच्या दुपटीहून अधिक नत्र त्या शेताने गिळले.

जानेवारीत पाने तरारली आणि मला विजयाचा आनंद झाला. मग आभाळ आले. कोवळ्या, रसाळ पानांवर आणि शेंड्यांवर मावा पडला. फवारणीचा खर्च वाढला. फेब्रुवारीच्या वाऱ्यात उंच वाढलेले, लुसलुशीत देठांचे पीक आडवे झाले. पक्व होण्यासही उशीर लागला. मुरैन्याच्या बाजारात तेलाचा उतारा पाहून भाव लागतो. आमच्या मालाला तेल कमी निघाले. मला निवृत्तिवेतन होते. त्यांना त्या वर्षी कर्ज काढावे लागले, हे मला नंतर कळले. मी माझ्या वाट्यातून काही रक्कम देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही, आणि पुढच्या वर्षी माझे शेतही केले नाही.

२०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. मी मातीचे नमुने दिले. उत्तर आले : नत्र कमी, ते तर सगळीकडेच, पण गंधक फारच कमी. नातू पिवळा होता आणि मी आजोबांच्या तोंडात घास कोंबत राहिलो होतो.

पोत्यांचा हिशेब

हे गंधक गेले कोठे? त्याचे उत्तर आपल्या खरेदीच्या सवयीत आहे. ओलिताच्या मोहरीसाठी हेक्टरी साधारण ऐंशी किलो नत्र, चाळीस किलो स्फुरद, वीस किलो पालाश आणि सुमारे चाळीस किलो गंधक अशी शिफारस असते. कोरडवाहूला नत्र याच्या निम्मे. आता स्फुरद डीएपीतून घ्यायचे ठरवले, तर सत्त्याऐंशी किलो डीएपी लागते. त्यातून पंधरा-सोळा किलो नत्रही मिळते. उरलेल्यासाठी युरियाची तीन पोती पुरतात. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि २०१८ पासून पोते पन्नासऐवजी पंचेचाळीस किलोंचे झाले आहे, म्हणजे एका पोत्यात सुमारे एकवीस किलो नत्र येते. हिशेब जुळला, पण गंधक जवळजवळ शून्य.

तेच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून घेतले, तर अडीचशे किलो, म्हणजे पाच पोती लागतात. युरियाची पोती चारच्या आसपास जातात. पण त्या पाच पोत्यांत सत्तावीस-अठ्ठावीस किलो गंधक येते. उरलेले जिप्सममधून भागते. ओझे अधिक, पोती अधिक, म्हणून शेतकरी डीएपी पसंत करतो. आणि हंगामात समितीच्या दारात त्याच डीएपीसाठी पहाटेपासून रांग लागते.

शिवाय दराचे एक राजकारण आहे. २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यांच्या प्रमाणात ठरावीक अनुदान मिळू लागले आणि त्यांचे भाव चढले. युरिया त्या व्यवस्थेबाहेर राहिला आणि स्वस्त राहिला. पंचेचाळीस किलोंचे पोते गेली कित्येक वर्षे पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. जे स्वस्त ते सढळ हाताने वापरले जाते. त्यात शेतकऱ्याला दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. २०१५ मध्ये युरियाला निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले, त्यामुळे नायट्रेट होण्याचा वेग काहीसा मंदावतो. ही चांगली गोष्ट झाली. २०२१ पासून बाटलीतला नॅनो युरिया आला आहे. त्याच्या गुणाविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही, म्हणून मी थांबून पाहतो आहे.

मग करावे काय? गोष्टी साध्याच आहेत. माती तपासावी. निम्मे नत्र आणि सारे स्फुरद, पालाश व गंधक पेरणीच्या वेळी बियांच्या खाली किंवा बाजूला पडेल असे द्यावे. उरलेले नत्र पहिल्या पाण्यानंतर, तीस-पस्तीस दिवसांनी, जमीन वाफशावर असताना द्यावे आणि कोळपून मातीत मिसळावे. खरिपात मूग, उडीद किंवा धैंचा घ्यावा. त्यांच्या मुळांवरचे जिवाणू फुकट नत्र देतात. सोयाबीन आणि भुईमूग हे तेलबियांतले स्वावलंबी सदस्य आहेत. त्यांना आरंभीचे थोडे नत्र पुरते. मोहरी, करडई, तीळ आणि सूर्यफूल यांना ते भाग्य नाही.

आणि शेणखत-कंपोस्ट. या बाबतीत आपल्या मध्य भारताचा वारसा मोठा आहे. १९२४ मध्ये होळकरांच्या इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. १९३१ मध्ये तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना हॉवर्ड ठाऊक असतात. वाड आपल्यालाही ठाऊक नसतात. सेंद्रिय पदार्थ असलेली माती नत्र धरून ठेवते. तो नसेल तर युरिया म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. तरीही केवळ कंपोस्टवर देशाची तेलाची गरज भागेल असे मी म्हणणार नाही. आपण खातो त्या तेलातले निम्म्याहून अधिक आजही आयात होते, आणि त्यासाठी २०२४ मध्ये तेलबियांचे नवे राष्ट्रीय अभियान मंजूर करावे लागले. नत्र हवेच, ते पिकाच्या पोटात जायला हवे, एवढेच.

रस्त्यावरून पाहणे

माती तपासून आल्यावर मी ती पत्रिका घेऊन त्या बटाईदारांच्या घरी गेलो. त्यांनी खाट टाकली, चहा दिला. मी कागद पुढे केला आणि माझी चूक झाली असे सांगितले. त्यांनी कागदाकडे पाहिले नाही. म्हणाले, ‘साहब, आप सड़क से देख रहे थे।’

ते अक्षरशः खरे होते. त्या डिसेंबरात मी मोटारीतून उतरलो होतो, पण बांध ओलांडून आत गेलो नव्हतो. रस्त्यावरून शेताचा रंग दिसतो. कोणते पान पिवळे आहे ते दिसत नाही. त्यासाठी वाकावे लागते, आणि जो रोज वाकतो त्याला विचारावे लागते. त्यांना गंधक हा शब्द ठाऊक नव्हता; पण वरची पाने फिकट आहेत हे त्यांनी पाहिले होते. माझ्याजवळ शब्द होता आणि मी पाहिले नव्हते. गुरुजींनी सातवीतच या दोहोंची गाठ घालून दिली होती. मी ती सोडून बसलो.

आज ती जमीन दुसरे कुटुंब करते. सुपर फॉस्फेटची पोती वाहताना मुले कुरकुरतात, पण पीक समाधानकारक येते. पहिल्या बटाईदारांचे माझे येणेजाणे आहे. ते पुन्हा माझे शेत करणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे. काही तोटे भरून येत नाहीत, ते फक्त मान्य करता येतात. गुरुजींच्या स्मृतीपुढे आणि आपणां सर्वांपुढे मी ते मान्य करतो.

आपल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांना माझी एकच विनंती आहे : वर्षातून एकदा मुलांना फूलबागेत घेऊन जावे, एका रोपापाशी वाकायला लावावे आणि तो जुना प्रश्न विचारावा. उत्तर लगेच सांगू नये.